एकाच क्लचमधल्या कॉर्न स्नेकची जोडी लावावी का?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका तरुणाने विचारलं आहे: ‘माझ्याकडे कॉर्न स्नेकची (अमेरिकेतल्या बिनविषारी पाळीव सापाची) जोडी आहे, दोघंही एकाच क्लचमधले, म्हणजे एका मादीने एका वेळी घातलेल्या अंड्यांतले. नर अमेल (काळं रंगद्रव्य नसलेला) आहे. मादी दिसायला नॉर्मल, पण हेट अमेल (अमेलचं जनुक एका प्रतीत दडलेली). मादीला तीन वर्षं झाली, वजन ३८० ग्रॅम. दोघं एकाच टबमध्ये राहतात. आता फेब्रुवारी आहे, या मोसमात जोडी लावू का? ज्यांच्याकडून घेतले ते म्हणतात, सापांना बहीण-भाऊ काही नसतं, दहा पिढ्या लावल्या तरी काही होत नाही. आणि माझ्या मित्राकडे स्पायडर बॉल पायथॉन (जाळ्यासारख्या नक्षीचा छोटा आफ्रिकी अजगर) आहे, त्याचं डोकं सारखं हलतं. तेही नात्यातल्या पैदाशीमुळेच का?’

आधी थोडक्यात सांगतो. ही जोडी लावू नका आणि आजच दोघांचे टब वेगळे करा. स्पायडरचं डोकं हलतं त्याचं कारण नात्यात नाही, त्या जनुकातच आहे. हे दोन प्रश्न एकात मिसळले की पुढचं सगळं गणित चुकतं. सविस्तर लिहितो आहे, कारण तुम्ही जे करायच्या बेतात आहात ते मी पंधरा वर्षांपूर्वी केलं होतं आणि त्याचं भोगणं पिल्लांच्या वाट्याला आलं.

‘सापांना बहीण-भाऊ काही नसतं’ यात एवढंच खरं आहे की सापाला नातं ओळखू येत नाही. टबमध्ये मादी असली आणि मोसम असला की नर तिच्यावर चढणारच. पण सापाला नातं कळत नाही म्हणून त्याच्या रक्तातून नातं पुसलं जात नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या पशुपालकांना वेगळी शिकवावी लागत नाही. वर्धा-नागपूरकडे गवळाऊ जनावरं सांभाळणारा माणूस गावचा वळू काही वर्षांनी बदलतो, कारण तोवर त्या वळूच्याच कालवडी माजावर यायला लागलेल्या असतात. आपल्या छंदात मात्र असा विचार करणारी माणसं फार थोडी भेटतात.

आता जनुकांकडे येऊ. शाळेत वाटाण्यांचे तक्ते काढले असतील, तेच इथे लागू होतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. अमेल हा अप्रभावी गुण आहे. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तरच काळं रंगद्रव्य बनत नाही आणि साप केशरी-लाल दिसतो. एकच प्रत बिघडलेली असली तर साप नॉर्मल दिसतो, त्यालाच आपण हेट म्हणतो. हा बिघाड कुठे आहे तेही आता माहीत आहे. ओसीए-२ नावाच्या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसला आहे, हे २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवलं. माणसातल्या एका प्रकारच्या अल्बिनिझमचा, म्हणजे जन्मतः रंगद्रव्य नसण्याचा, संबंध याच जनुकाशी आहे. बंदिस्त पैदाशीत हा रंग आला तो १९५३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात सापडलेल्या एका नरापासून. बर्न बेक्टेल नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने त्याच्या वंशातून १९६१ मध्ये पहिली अमेल पिल्लं मिळवली.

अमेल डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याचा हिशेब ठेवतो. पण तुमच्या मादीत हेट अमेल आहे तसेच न दिसणारे आणखी काही बिघाड एकेका प्रतीत दडलेले असणार, कारण कुठलाच प्राणी त्यांच्यावाचून नसतो. एखादा मणक्याच्या घडणीतला असेल, एखादा डोळ्याच्या, एखादा यकृताच्या किंवा प्रतिकारशक्तीच्या. त्यांना मॉर्फचं, म्हणजे रंग-नक्षीच्या वाणाचं, नाव नसतं, किंमत नसते, म्हणून कोणी विचारत नाही.

समजा तुमच्या जोडीच्या आईत असा एक घातक बिघाड एका प्रतीत होता. प्रत्येक पिल्लाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी. तुमचा नर आणि मादी दोघांकडेही गेला असण्याची शक्यता चौथाई. दोघांकडे असेल तर त्यांच्या प्रत्येक अंड्यात दोन्ही बिघडलेल्या प्रती येण्याची शक्यता पुन्हा चौथाई. चौथाईची चौथाई म्हणजे सोळात एक. एका बिघाडामागे सोळात एक हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण आई आणि बाप मिळून असे किती बिघाड घेऊन आले हे कोणालाच माहीत नसतं, आणि प्रत्येकाचं सोळात एक वेगळं मोजावं लागतं. तोच नर नात्याबाहेरच्या मादीला लावला तर नेमका तोच बिघाड तिच्यातही असण्याची शक्यता फारच कमी.

पैदास करणारे हे मोजतात ते अंतःप्रजनन गुणांकाने, म्हणजे पिल्लातल्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याच्या शक्यतेने. सख्ख्या बहीण-भावाच्या पिल्लांचा गुणांक २५ टक्के. आई-मुलगा किंवा बाप-मुलगी यांचाही २५. सावत्र भावंडं किंवा मामा-भाची, १२.५. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नं होतात, त्या नात्यात ६.२५. म्हणजे तुमची जोडी मामेबहीण-आतेभावाच्या चौपट जवळची आहे. आता त्यांच्या पिल्लांत पुन्हा बहीण-भाऊ लावले तर ३७.५, आणखी एक पिढी गेली की ५०. तुम्हाला सांगितलेल्या दहा पिढ्या खरोखर केल्या तर सुमारे ८९ टक्के. प्रयोगशाळेतल्या उंदरांचा वाण ‘इनब्रेड’ मानायला बहीण-भावांच्या वीस पिढ्या लागतात, आणि असे वाण तयार करताना वाटेत कितीतरी वाण खुंटून संपतात. दहा पिढ्यांत काही होत नाही म्हणणाऱ्याने दहा पिढ्या केलेल्या नसतात. कॉर्नची मादी तीन वर्षांची झाल्यावर लावायची तर दहा पिढ्यांना तीस वर्षं लागतात.

माझं सांगतो. माझी पहिली जोडी अशीच, एका क्लचमधली, असाच सल्ला ऐकून घेतलेली. पहिल्या वेळी १६ अंडी आली, १३ पिल्लं निघाली, सगळी चपळ. मला वाटलं, लोक उगाच घाबरवतात. इथेच माणूस फसतो. पहिल्या पिढीत बहुतेक वेळा डोळ्यांत भरेल असं काही घडत नाही. मग मी त्या १३ मधला सर्वांत लाल नर आणि सर्वांत लाल मादी ठेवली, वाढवली आणि लावली. १२ अंडी आली. त्यातली चार पिवळट, सुकलेली, म्हणजे स्लग. दोन अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं आतच मेली. सहा बाहेर आली.

त्या सहातलं एक मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. रात्री अकराला अंड्याला चीर पडली होती, पहाटे तोंड बाहेर आलं. अंडी ज्यात ठेवतात त्या ओल्या व्हर्मिक्युलाइटचे कण चिकटले होते म्हणून बोटाने हळूच पुसले, तर डाव्या बाजूला डोळाच नव्हता. जिथे डोळा असायचा तिथे सपाट खवले होते, नीट बसलेले, जणू तिथे कधी काही असायचंच नव्हतं. शेपटीच्या आधी मणक्याला दोन ठिकाणी घडी होती, बोट फिरवलं की गाठीसारखी लागायची. सात आठवडे मी त्याला पिंकी (उंदराचं नवजात पिल्लू) खाऊ घालायचा प्रयत्न केला. तोंडात धरायचं आणि सोडून द्यायचं. उरलेल्या पाचांपैकी दोन कधीच नीट खायला लागली नाहीत.

तुम्ही म्हणाल, नागपूरचा उन्हाळा असेल कारण. ही शंका अगदी रास्त आहे आणि इथल्या प्रत्येकाने ती घ्यायलाच हवी. कॉर्नच्या अंड्यांना २७-२८ अंश पुरतात, पिल्लं साधारण दोन महिन्यांत निघतात. मादी अंडी घालते ती एप्रिल-मेमध्ये. म्हणजे अंडी उबवणीच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) असतात तेव्हाच बाहेर ४५ अंश असतं आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापलेले नऊ दिवस, येतो. आपल्या इन्क्युबेटरचा थर्मोस्टॅट फक्त गरम करणं बंद करू शकतो, गार करू शकत नाही. खोली ३८ झाली की पेटी ३८ होणार, आकडा कितीही लावा. त्यात दुपारी दोनला वीज गेली आणि कूलर बंद पडला की संपलंच. जास्त तापलेल्या अंड्यांतूनही वाकड्या मणक्याची पिल्लं निघतात आणि डोळ्यांनी पाहून ती नात्यातल्या पैदाशीपासून वेगळी ओळखता येत नाहीत.

मला उत्तर मिळालं ते योगायोगाने. त्याच वर्षी त्याच पेटीत, त्याच फळीवर, एका वेगळ्या मादीची १५ अंडी होती. तिचा नर दुसऱ्या शहरातून आणलेला, तिच्याशी नातं नसलेला. त्या १५ मधून १४ पिल्लं निघाली, एकही वाकडं नाही. उष्णता दोघांना सारखीच लागली होती. एका वर्षाच्या दोन क्लचवरून कोणी सिद्धांत मांडू नये, मीही मांडत नाही. पण मला माझ्यापुरतं कळायचं ते कळलं. तेव्हापासून दोन गोष्टी करतो. अंड्यांची पेटी वातानुकूलित खोलीत, इन्व्हर्टरवर ठेवतो, आणि पेटीत कमाल-किमान लक्षात ठेवणारं तापमापक असतं. सकाळी पाहिलेला २८ हा आकडा निरुपयोगी आहे, दुपारी तीनला किती झालं होतं ते महत्त्वाचं. पिल्लू वाकडं निघालं तर तो कमाल आकडा पाहिल्याशिवाय नात्याला दोष देऊ नका, आणि तो आकडा ठीक असेल तर उन्हाळ्यावर ढकलू नका.

माझ्या दोन क्लचपेक्षा फार मोठा पुरावा निसर्गात मिळाला आहे. स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर स्मिगेहुक नावाची जागा आहे. तिथे अ‍ॅडर या विषारी सापांची एक छोटी वसाहत शेतांमुळे इतर सापांपासून तुटली होती. नात्यातच संबंध होत राहिले. मृत आणि व्यंग असलेल्या पिल्लांचं प्रमाण वाढलं, संख्या घटत गेली. थॉमस मॅडसेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बाहेरच्या मोठ्या वसाहतीतले २० नर आणून तिथे सोडले आणि काही मोसमांनंतर परत नेले. पुढे तिथल्या नव्या सापांची संख्या झपाट्याने वाढली. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जागा तीच, अन्न तेच, थंडी तीच. बदललं ते फक्त बापांचं रक्त. सापांना नात्याचं काही होत नाही असं यापुढे कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

मग काही जणांच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या सगळं ठीक कसं चालतं? चालू शकतं. सुरुवातीच्या जोडीत घातक बिघाड कमी असले, किंवा दरवेळी अशक्त पिल्लं आपोआप मेली आणि सशक्तच पुढे गेली, तर वंश टिकतो. जनावरांच्या जातिवंत पैदाशीत हेच मुद्दाम करतात. जवळचं नातं लावतात, पण निकृष्ट जनावर पैदाशीतून काढून टाकतात, निर्दयपणे. आपल्या छंदात याच्या उलट होतं. रंग चांगला असला की अशक्त पिल्लूही जपून वाढवतात, हाताने भरवतात, आणि तेच ‘दुर्मिळ’ म्हणून सर्वांत महाग विकतात. घेणारा ते पैदाशीसाठीच घेतो. म्हणजे निसर्ग जे गाळतो ते आपण निवडून पुढे पाठवतो. माझ्या मते नात्यातल्या एका मिलनापेक्षा ही सवय जास्त घातक आहे.

सनकिस्ड या कॉर्नच्या मॉर्फचं उदाहरण घ्या. त्या वंशात स्टारगेझर नावाचा अप्रभावी विकार पसरला. दोन्ही प्रती बिघडलेलं पिल्लू डोकं वर करून आकाशाकडे बघत राहतं, सरळ सरपटता येत नाही, उलटं झालं तर लवकर सावरता येत नाही. एकच प्रत असलेला साप मात्र संपूर्ण निरोगी दिसतो. सनकिस्ड रंगाचा तो परिणाम नाही, रंगासाठी निवडलेल्या थोड्या सापांबरोबर तो चुकून प्रवास करत आला. कातेतल्या डीएनएवरून त्याची तपासणी आता अमेरिकेत होते. सनकिस्ड किंवा त्याचा हेट घेताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. (डोकं वर करून बघणं जास्त उष्णतेने, विषबाधेने किंवा मेंदूच्या संसर्गानेही होतं, म्हणून एका लक्षणावरून शिक्का मारू नका.)

आता तुमच्या मित्राचा स्पायडर. स्पायडर हा प्रभावी गुण आहे, एक प्रत असली तरी दिसतो. १९९९ च्या सुमारास आफ्रिकेतून आलेल्या एका सापापासून हा सगळा वंश पसरला, आणि स्पायडर म्हटला की कमी-जास्त प्रमाणात डोकं हलणं, तोल जाणं, भक्ष्यावर झडप घालताना चुकणं आलंच. वर्षानुवर्षं लोक म्हणत राहिले की बाहेरचं रक्त आणून आम्ही हे ‘काढून टाकू’. निघालं नाही, निघणारही नाही. २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी स्पायडर सापांच्या डोक्यांचे बारीक स्कॅन घेतले तेव्हा आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि तोल सांभाळणारी पिशवी विकृत घडलेली आढळली. जो बदल अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी काढतो तोच कान बिघडवतो. त्यामुळे स्पायडर कितीही दूरच्या मादीला लावा, निम्मी पिल्लं स्पायडर होणार आणि स्पायडर झालेलं प्रत्येक पिल्लू तो कान घेऊन येणार. दोन स्पायडर एकमेकांना तर अजिबात लावू नयेत. दोन प्रती आलेली पिल्लं जगत नाहीत असाच पैदास करणाऱ्यांचा अनुभव आहे. बॉल पायथॉनच्या वोमा आणि शॅम्पेन या मॉर्फमध्येही तोल जाण्याचा त्रास दिसतो. मित्राला सांगा, साप प्रेमाने सांभाळा, टबमध्ये उंच फांद्या ठेवू नका, अन्न चिमट्याने तोंडाजवळ द्या, आणि पैदास करू नका. मी स्वतः स्पायडर कधी लावला नाही आणि लावणार नाही.

म्हणजे एकीकडे नात्यामुळे बाहेर येणारे दडलेले दोष, ज्यांवर बाहेरचं रक्त हा इलाज आहे. दुसरीकडे मॉर्फचेच दोष, ज्यांवर एकच इलाज आहे, तो मॉर्फ न लावणं. डेझर्ट बॉल पायथॉनच्या माद्यांना अंडी नीट होत नाहीत, कॅरमल अल्बिनोत मणके वाकतात, सुपर सिनॅमनमध्ये थुतरं बदकासारखं होतं. ही सगळी दुसऱ्या गटातली. मॉर्फ घेण्याआधी त्याचं नाव आणि दोष दोन्ही शोधा.

नात्यातलं मिलन कधीच करू नये का? एका प्रसंगी मी ते मान्य करतो. तुमच्याकडे अगदी नवा रंग निघाला आणि तो वंशागत आहे की नाही हे तपासायचं आहे, तेव्हा एकदा मुलीला बापाशी किंवा भावाला बहिणीशी लावावं लागतं. अप्रभावी रंग बहुतेक असेच सिद्ध झाले आहेत. पण तेही एकदाच. रंग सिद्ध झाला की पुढच्या पिढीत लगेच बाहेरचा साप. आणि इथे तुमच्या बाबतीतला सर्वांत सोपा मुद्दा येतो: अमेल सिद्ध करायला तुम्हाला काहीच उरलेलं नाही. हा सर्वांत सहज मिळणाऱ्या कॉर्न मॉर्फपैकी एक आहे. तुमच्या मादीला नात्याबाहेरचा अमेल नर लावला तरी निम्मी पिल्लं अमेल, निम्मी हेट. भावाला लावलं तरी निम्मी अमेल, निम्मी हेट. रंगाच्या हिशेबात शून्य फरक, रक्ताच्या हिशेबात २५ टक्क्यांचा. बाहेरचा एक साप आणला की त्या पिल्लांचा गुणांक एका फटक्यात शून्यावर येतो, आधी कितीही पिढ्या नात्यात गेल्या असल्या तरी. एवढा स्वस्त इलाज दुसऱ्या कुठल्याही दुखण्यावर नसेल.

अडचण एकच, ‘बाहेरचा’ म्हणजे कोण? भारतात ही जनावरं मोजक्या लोकांकडून पसरली. नागपुरात एका ओळखीतून नर घेतला आणि पुण्याहून मादी मागवली, तरी दोघांचे आजी-आजोबा एकच असू शकतात. माझ्याबरोबर हे घडलं आहे. सहा महिने शोधून आणलेला ‘नवा’ नर माझ्याच जुन्या क्लचमधल्या पिल्लाचा मुलगा निघाला. तो ओळखला कारण मी पिल्लांचे जन्मावेळचे फोटो ठेवतो, आणि कॉर्नच्या पाठीवरचे डाग जन्मापासून त्याच जागी राहतात. त्याच्या बापाचा फोटो मागवला, तर मानेमागचा दुसरा डाग मधोमध तुटलेला. माझ्या वहीत तो तसाच होता.

म्हणून माझं म्हणणं असं: ज्या सापाची वंशावळ लिहून मिळत नाही, तो नात्यातलाच आहे असं धरून चाला. घेताना आई-बापाचे फोटो, क्लचची तारीख, किती अंडी आली आणि किती निघाली, हे मागा. जो पैदास करणारा निघालेल्या पिल्लांबरोबर मेलेल्यांचा आकडाही सांगतो, त्याच्याकडून दोन पैसे जास्त देऊन घ्या. आणि स्वतः वही ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक सापाला एक पान आहे: क्रमांक, आई, बाप, आजी-आजोबा कळले तर तेही, कातेच्या तारखा, वजन, मिलनाच्या तारखा, अंडी, स्लग, आत मेलेली, निघालेली, पहिल्या दोन महिन्यांत स्वतः खायला लागलेली. शेवटचा आकडा कोणी लिहीत नाही, पण वंश खालावतो आहे हे सर्वांत आधी तिथेच दिसतं. वाकडा मणका दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

वहीत बापाचं नाव लिहिताना एक सावधगिरी हवी. मादी साप नराचं बीज महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, शरीरात साठवून ठेवू शकते. नवा नर लावला म्हणून पिल्लं त्याचीच असतील असं नाही. आणि क्वचित एकटीच ठेवलेली मादी नराशिवायही पिल्लं देते. अनेक जातींच्या सापांत हे नोंदलं गेलं आहे. त्या पिल्लांत सहसा बहुतेक जनुकांच्या दोन्ही प्रती सारख्या असतात, बहीण-भावाच्या पिल्लांपेक्षाही कितीतरी जास्त. अशी पिल्लं कौतुकाने पुढे लावू नका.

कायद्याचं थोडक्यात. नवं रक्त म्हणून बाहेरून धामण, दिवड किंवा अजगराचं पिल्लू आणून ठेवायचा विचारही नको. आपले साप वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत आणि कॉर्नशी त्यांचा संकर व्हायचा प्रश्नच नाही. बॉल पायथॉन सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पिल्लं झाली किंवा साप दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं. कॉर्न सायटीसच्या यादीत नाही, तरी खरेदीचे कागद जपा. आणि नको झालेली पिल्लं गोरेवाड्याच्या किंवा अंबाझरीच्या झाडीत सोडणं हा पिल्लांवरही अन्याय आहे आणि तिथल्या जीवांवरही.

आता तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं आहे. ‘दोघं एकाच टबमध्ये राहतात.’ तीन वर्षांची मादी, ३८० ग्रॅम, नागपूरची थंडी नुकतीच ओसरते आहे. जोडी लावू का असं तुम्ही विचारता आहात, पण ती बहुधा लागलेलीच असेल. टब वेगळे करा आणि पुढचे दोन महिने तिच्यावर लक्ष ठेवा. शरीराचा मागचा एक-तृतीयांश भाग गाठी-गाठींचा भरायला लागला, ती खाणं सोडून टबभर फिरायला लागली आणि एक कात टाकली, तर त्यानंतर साधारण दहा-बारा दिवसांत अंडी येतील. झाकणाला भोक पाडलेला एक डबा ओलसर मॉस भरून आत ठेवा, नाहीतर जागा न मिळाल्याने ती अंडी अडवून धरेल. तसं झालं तर घरगुती उपाय न करता सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या.

अंडी आली तर निर्णय तुमचा. मी असतो तर त्याच दिवशी ती गोठवली असती. हे लिहायला मला जड जातं, पण निघालेल्या वाकड्या पिल्लाला पशुवैद्याकडे नेऊन झोपवणं याहून जड आहे. (जिवंत पिल्लू फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नका, ते क्रूर आहे.) उबवायचीच असतील तर निघालेली पिल्लं फक्त पाळायला द्या, पैदाशीसाठी नाही, आणि घेणाऱ्याला ते लिहून द्या. वही मात्र आजच आणा. पहिल्या पानावर मादीचा क्रमांक घाला, अंड्यांची तारीख घाला, आणि बापाच्या रकान्यात ‘सख्खा भाऊ’ असं स्पष्ट लिहा. दहा वर्षांनी ते पिल्लू कोणाच्या हातात असेल ते तुम्हाला ठाऊक नसेल, पण त्याला ते पान मागता आलं पाहिजे.